कॅनडाच्या हिवाळ्यासाठी जपानी टर्बो गाडी घेताय? आधी खाली वाकून बघा

नोकरीत जम बसला, घराचं मार्गी लागलं, की टोरंटो-कॅल्गरीकडच्या गाडीवेड्या मराठी मंडळींच्या मनात एक जुनी इच्छा पुन्हा जागी होते. सुबारू इम्प्रेझा एसटीआय, मित्सुबिशी लॅन्सर इव्होल्यूशन, निसान स्कायलाइन जीटी-आर. भारतात असताना या गाड्या व्हिडिओ गेममध्ये चालवल्या, पोस्टरवर पाहिल्या. आपल्याकडे १९९८ पासून साधी लॅन्सर मिळायला लागली आणि तिला मागे भलामोठा पंख लावून फिरणारे हौशी पुण्या-मुंबईत बरेच होते, पण खरी इव्होल्यूशन, म्हणजे एव्हो, रस्त्यावर दिसणं दुर्मिळच. भारतात जपानहून जुनी गाडी मागवणंही जवळपास अशक्य आहे, कारण बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली वापरलेली गाडी आणायला परवानगीच नाही. कॅनडात नेमकं उलटं आहे. गाडी जितकी जुनी, तितकी ती आणणं सोपं.

मग पहिला प्रश्न येतो, बर्फात चालेल का? चालेल, आणि झकास चालेल. यातल्या इम्प्रेझा आणि लॅन्सर जागतिक रॅली स्पर्धेसाठी जन्माला आल्या. त्या काळच्या ग्रुप ए नियमांप्रमाणे स्पर्धेत उतरायचं तर तशीच गाडी किमान २,५०० नगांत बनवून सामान्य गिऱ्हाइकाला विकावी लागे, म्हणून टर्बो इंजिन आणि चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा घरगुती सेडानमध्ये आली. कॉलिन मॅकरेने १९९५ मध्ये सुबारूतून जगज्जेतेपद मिळवलं, टॉमी मॅकिननने १९९६ ते १९९९ सलग चार वेळा मित्सुबिशीतून. स्वीडनच्या बर्फावर धावलेल्या गाड्यांची ही भावंडं आहेत. एडमंटनच्या गल्लीतला बर्फ त्यांना जड नाही.

त्यामुळे बर्फाची चिंता मला फारशी वाटत नाही. चिंता वाटते ती बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाची. गाडी कोणती घ्यायची, कुठल्या भागातली घ्यायची, किती पैसे बाजूला ठेवायचे, हे सगळं त्या मिठावरून ठरवा असं माझं सांगणं आहे. इंजिन किती अश्वशक्तीचं, हा प्रश्न फार नंतरचा.

कायदा थोडक्यात

कॅनडात १५ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला केंद्राच्या वाहन सुरक्षा मानकांतून सूट मिळते. वय मोजलं जातं ते बनवल्याच्या महिन्यापासून. मार्च २०१० मध्ये बनलेली गाडी मार्च २०२५ मध्ये मोकळी होते, फेब्रुवारीत बंदरावर उतरली तर अडकते. जपानी कागदांवर बऱ्याचदा पहिल्या नोंदणीची तारीख असते, बनवल्याची नसते, त्यामुळे काठावरची गाडी घेत असाल तर बनवल्याचा महिना लेखी मागून घ्या. अमेरिकेत हीच मर्यादा २५ वर्षांची आहे. म्हणून १९९९ ची स्कायलाइन, आर३४ या पिढीची, कॅनडात २०१४ पासून येऊ लागली आणि सीमेपलीकडच्यांना २०२४ पर्यंत थांबावं लागलं.

केंद्राने सूट दिली म्हणजे प्रांतानेही दिली असं नाही. क्वेबेकमध्ये उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीला २५ वर्षं झाल्याशिवाय नोंदणी मिळत नाही. मॉन्ट्रियलला राहणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. बाकी प्रांतांत नोंदणीआधी मेकॅनिककडून तपासणी करून घ्यावी लागते.

पैशांचं म्हणाल तर, जपानी लिलावातला गाडीचा भाव ही फक्त सुरुवात. त्यावर लिलावगृहाची आणि एजंटाची फी, बंदरापर्यंतची वाहतूक, जहाजाचं भाडं, कॅनडातल्या दलालाचं शुल्क, ५ टक्के जीएसटी, एसी असलेल्या गाडीवर १०० डॉलरचा वेगळा कर, आणि प्रांताचा विक्रीकर असेल तर तोही. अल्बर्टात प्रांताचा विक्रीकर नाही, हे तिथल्या लोकांचं नशीब. आयातशुल्क ६.१ टक्के आहे, पण जपान आणि कॅनडा दोघंही सीपीटीपीपी या व्यापार करारात असल्याने जपानमध्ये बनलेल्या गाडीवर ते शून्य होऊ शकतं. त्यासाठी गाडी जपानमध्ये बनल्याचा पुरावा नीट जोडावा लागतो. दलालाला हे पहिल्याच फोनवर विचारा.

आणि विमा. जपानी गाडीला आपल्या ओळखीचा १७ अक्षरी क्रमांक नसतो, त्याऐवजी छोटा चेसिस क्रमांक असतो. तो विमा कंपनीच्या संगणकात बसत नाही, कधी कंपनी उजव्या स्टिअरिंगचं नाव काढताच नकार देते. बोली लावण्याआधी विम्याचा आकडा हातात हवा. गाडी बंदरावर उभी आणि विमा देणारा कुणी सापडेना, यापेक्षा वाईट अवस्था नाही.

मीठ नेमकं काय करतं

लोखंड गंजायला पाणी आणि हवा लागते. पाण्यात मीठ मिसळलं की ते विजेचं चांगलं वाहक होतं आणि गंजण्याची रासायनिक क्रिया कित्येक पट वेगाने होते. शिवाय रस्त्यावर आता नुसतं खायच्या जातीचं मीठ नसतं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. हे क्षार हवेतली ओल शोषून घेतात. म्हणजे रस्ता कोरडा झाला तरी गाडीच्या पोटाखालचा थर ओलाच राहतो.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. कडाक्याच्या थंडीपेक्षा शून्याच्या आसपासचं हवामान गाडीला जास्त खातं. उणे २० ला सगळं गोठलेलं असतं, गंज मंदावतो. साधं मीठही उणे १० च्या खाली फारसं काम करत नाही, म्हणून कॅल्गरी-एडमंटनकडे वाळू आणि बारीक खडी जास्त वापरतात. तिथे मिठाचा त्रास तुलनेने कमी आणि पुढची काच तडकण्याचा जास्त. उलट टोरंटो, हॅमिल्टन, ओटावा या पट्ट्यात पारा शून्याच्या वरखाली होत राहतो, मीठ सढळ हाताने पडतं, आणि गाडी पूर्ण हिवाळाभर खाऱ्या पाण्यात भिजत असते. त्यातून ती रात्री उबदार गॅरेजमध्ये उभी केली तर बर्फ वितळतो, खारं पाणी पत्र्याच्या घडीघडीत शिरतं आणि गंजाला हवी तीच ऊब मिळते. मिठाच्या मोसमात न धुता गरम गॅरेजमध्ये ठेवण्यापेक्षा थंड, हवेशीर जागा बरी.

जपानच्या दक्षिणेकडच्या किंवा टोकियोच्या आसपासच्या भागात वापरलेली वीस वर्षांची गाडी खालून पाहिलीत तर थक्क व्हाल. नटबोल्टवरचा मुलामा शाबूत, ब्रेकच्या नळ्या चकचकीत. पण ती तशी राहिली कारण तिने मीठ पाहिलंच नाही, आणि तिला मिठासाठी तयारही केलेलं नाही. अशी गाडी ओंटारियोच्या पहिल्याच हिवाळ्यात तशीच बाहेर काढली, तर वसंतात तिच्या पोटाखाली नारिंगी डाग दिसायला लागतात. मला याचं खरोखर वाईट वाटतं. वीस वर्षं कुणीतरी जपलेली वस्तू, आणि तिच्यासारखी दुसरी आता बनत नाही.

लिलावाचा कागद वाचताना

बहुतेक गाड्या जपानी लिलावगृहांतून येतात, त्यात यूएसएस सगळ्यात मोठं. प्रत्येक गाडीसोबत तपासनिसाने भरलेला एक कागद असतो. एजंट त्याचं भाषांतर देतो, पण मूळ कागद स्वतः डोळ्याखालून घाला, कारण तो वाचायला वाटतो तितका अवघड नाही.

वरच्या कोपऱ्यात एकूण दर्जा: ५, ४.५, ४, ३.५, ३ असा उतरता. आर किंवा आरए म्हणजे सांगाड्याची दुरुस्ती झालेली. आतल्या भागासाठी ए, बी, सी अशी अक्षरं. वर्ष अनेकदा जपानी सम्राटाच्या कारकिर्दीप्रमाणे लिहिलेलं असतं, एच१६ म्हणजे हेइसेई १६. त्यात १९८८ मिळवा, झालं २००४. खाली गाडीचं उलगडलेलं चित्र आणि त्यावर खुणा: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे पत्रा ठोकून रंगवलेला, एक्सएक्स म्हणजे भाग बदललेला. पुढचा आकडा जितका मोठा, तितकं नुकसान जास्त.

आपल्या कामाच्या खुणा दोन. एस म्हणजे गंज आणि सी म्हणजे गंजाने पत्रा खाल्ला जाणं. चित्रावर मागच्या चाकाच्या कमानीजवळ यातलं अक्षर दिसलं तर थबका. खाली हाताने लिहिलेल्या शेऱ्यांत 'शितामावारी साबी' असेल तर गाडीच्या खालच्या बाजूला गंज आहे. 'एन्गाई' असेल तर मिठाने किंवा समुद्राच्या खाऱ्या हवेने केलेलं नुकसान आहे. हे दोन शेरे असलेली गाडी कितीही स्वस्त मिळो, हिवाळ्यासाठी घेऊ नका.

पण कागदावर हे शेरे नाहीत म्हणून गाडी स्वच्छ, असंही समजू नका. तपासनिसाकडे एका गाडीसाठी मोजकीच मिनिटं असतात. ४.५ दर्जा वरच्या रंगाला मिळतो, पोटाला नाही. म्हणून एजंटाला थोडे जास्त पैसे देऊन खालचे फोटो मागवा, आणि कुठले ते नेमकं सांगा. चारही चाकांच्या कमानींची आतली कड. दाराखालचा पत्रा, जिथे जॅक लावतात ती घडी. जॅकने ती चेपली असेल तर रंग तडकतो आणि गंज तिथूनच आत शिरतो. मागच्या सस्पेन्शनचा वरचा टेकू, डिकीतलं कापड उचलून. इम्प्रेझात मागच्या कमानी आणि हा टेकू ही ठरलेली दुखणी आहेत. स्कायलाइनमध्ये पुढच्या सस्पेन्शनचे टेकू आणि दाराखालचे पत्रे पाहायचे. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या पूर्ण लांबीभर. डिकीत स्टेपनीच्या खळग्यात पाणी साचल्याच्या खुणा.

एका गोष्टीवर जास्त वेळ घालवा. फोटोत गाडीचं पोट नव्याकोऱ्या काळ्या रंगाचं दिसलं तर त्यात लबाडीच आहे असं नाही. जपानमध्ये दर दोन वर्षांनी 'शाकेन' ही सक्तीची तपासणी होते आणि त्या वेळी अनेक गॅरेजवाले खालून काळा रंग फवारून देतात, ती तिथली रीतच आहे. पण रंग गंजावरूनही मारता येतो. तेव्हा फोटो मोठा करून पत्र्याच्या कडा बघा. रंगाखाली बारीक फोड, पापुद्रे, खडबडीत दाणे दिसत असतील तर खाली गंज जिवंत आहे. बोल्टच्या डोक्यांची धार शाबूत आहे की झिजून गोल झाली, हेही सांगून जातं. धारदार षटकोनी बोल्ट म्हणजे मिठाशी फारशी गाठ पडलेली नाही.

होक्काइदो, आओमोरी, निगाता हे जपानचे बर्फाळ भाग. तिथली गाडी म्हटली की लोक नाक मुरडतात, आणि गंजाच्या बाबतीत ते योग्यच आहे. पण तिथल्या गाड्यांत एक फायदाही असतो. जपानी कंपन्या थंड प्रदेशासाठी वेगळी रचना देतात: मोठी बॅटरी, वायपरची दणकट मोटर, जास्त दाट कूलंट. टोकियोकडच्या मूळ मालकाने हाच पर्याय घेतलेली गाडी मिळाली तर दोन्ही गोष्टी साधतात. अशा गाड्या कमी असतात, पण शोधण्यासारख्या आहेत.

गाडी कॅनडात उतरताना खाली माती चिकटलेली चालत नाही, शेतीला अपायकारक जीवजंतू येऊ नयेत म्हणून. जपानमध्येच खालून वाफेने धुऊन घ्या.

कोणती घ्यावी

माझं मत सरळ आहे. रोज हिवाळ्यात चालवायची असेल तर जीटी-आर घेऊ नका. आर३२ पासून आर३४ पर्यंतच्या गाड्यांची यंत्रणा मुळात मागच्या चाकांना ताकद देते आणि ती घसरली की पुढे जास्तीत जास्त निम्मी ताकद पाठवते. सरावलेल्या हाताला हे आवडतं, पण बर्फात आधी शेपूट सुटते आणि मग पुढची चाकं सावरायला येतात. त्यात तिचे पत्रे मिळत नाहीत, मिळाले तर भाव डोळे फिरवणारे. ही गाडी उन्हाळ्याची.

एव्हो सातपासून पुढे आतल्या बटणावर टार्मॅक (डांबर), ग्रॅव्हल (खडी) आणि स्नो (बर्फ) असे तीन पर्याय असतात आणि मधलं डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग, त्याप्रमाणे पुढच्या-मागच्या चाकांचं नातं घट्ट-सैल करतं. बर्फात ही गाडी अप्रतिम वळते. मात्र हे सगळं चालवणारा तेलाचा पंप महाग आहे, आणि एव्हो १० मध्ये तर तो मागच्या चाकामागे अशा जागी बसवलाय की मिठाचं पाणी त्याच्यावरच उडतं. एव्हो १० कॅनडात रीतसर विकली गेली होती, त्याआधीच्या नाही. म्हणून एव्हो सात, आठ, नऊसाठी जपानकडेच वळावं लागतं.

एसटीआयमध्ये दोन सीटच्या मध्ये एक छोटी चकती असते. ती फिरवून मधलं डिफरन्शियल मोकळं किंवा पूर्ण लॉक करता येतं. साचलेल्या बर्फातून गाडी बाहेर काढताना ते लॉक करायचं, रस्त्यावर आलात की मोकळं. साधं, समजायला सोपं, आणि सुबारूचे बरेच सुटे भाग कॅनडात मिळतात, कारण तीच गाडी थोड्या फरकाने इथेही विकली जात होती. इंजिन मात्र वेगळं: जपानी एसटीआयमध्ये २ लिटरचं, इथल्यात अडीच लिटरचं. त्यामुळे इंजिनाचे भाग मागवताना चेसिस क्रमांकावरूनच मागवा.

आणि खरं सांगू का, मी कुणाला एकच गाडी सुचवायची असेल तर ती या तिन्हींतली नसेल. लेगसी टूरिंग वॅगन जीटी किंवा फॉरेस्टरची टर्बो आवृत्ती घ्या. जपानमध्ये फॉरेस्टरची एसटीआय आवृत्तीही निघाली होती, ती कॅनडात कधी आलीच नाही. उंची थोडी जास्त, मागे मुलांचं सामान मावतं, हीटर चांगला, आणि रेसिंगच्या हौसेने पिळून काढलेली असण्याची शक्यता कमी. पूर्वीच्या मालकाने गाडी फारशी बदललेली नाही, हा हिवाळ्यासाठी सगळ्यात मोठा गुण आहे. जपानी हौशी लोक उंची कमीजास्त करता येणारं कॉइलओव्हर सस्पेन्शन हमखास बसवतात. मिठात त्याच्या आट्या अशा जाम होतात की पुढच्या वर्षी पाना लावला तर आटी फिरण्याऐवजी पाना घसरतो. बंपरखाली लावलेले प्लास्टिकचे ओठ पहिल्याच गोठलेल्या ढेकळाला आपटून तुटतात. मूळ सस्पेन्शन असलेली गाडी शोधा.

टायर, आणि थांबण्याचं गणित

चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी सुटते लवकर, थांबत मात्र नाही लवकर. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात. साधं भौतिकशास्त्र लावून पाहा. ताशी ५० किलोमीटरवरून ब्रेक दाबला तर कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण १४ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ५० मीटरच्या आसपास लागतात आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर १०० मीटर. यात तुमच्या पायाला ब्रेकपर्यंत पोचायला लागणारा वेळ धरलेलाच नाही. या आकड्यांत फरक पाडणारी एकच वस्तू गाडीवर असते, ती म्हणजे टायर.

तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि पकड सोडतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. टायरच्या कडेवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह हवं, नुसती एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) ही खूण पुरेशी नाही. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. गाडी जपानहून येताना तिच्यावर स्टडलेस, म्हणजे बिनखिळ्यांचे हिवाळी टायर असतील तर खूश होऊ नका, त्यांचं वय बघा. जपानने १९९० मध्ये खिळ्यांच्या टायरविरुद्ध कायदा केला, कारण खिळ्यांनी रस्ते खरवडून शहरं धुळीने भरत होती. त्यामुळे तिथले स्टडलेस टायर उत्तम असतात, पण दहा वर्षांचं रबर कितीही चांगल्या नावाचं असलं तरी दगडच.

हिवाळ्यासाठी थोडा अरुंद टायर आणि एक इंच लहान रिम घेण्याची पद्धत चांगली आहे. अरुंद टायर बर्फ कापून खाली पोचतो, आणि उंच कडेमुळे खड्ड्यांत रिम वाचतो. पण एसटीआयला पुढे ब्रेम्बोचे मोठे ब्रेक आहेत, त्यांच्यावर १६ इंची रिम बसत नाही, १७ च हवा. शिवाय एसटीआयच्या चाकाच्या बोल्टचं वर्तुळ २००५ च्या मॉडेलपासून १०० मिलिमीटरवरून ११४.३ झालं. जुने रिम स्वस्तात मिळतायत म्हणून उचलण्याआधी आपली गाडी या बदलाआधीची की नंतरची ते तपासा. हवेचा दाबही दर ५-६ अंशांमागे साधारण एक पीएसआयने उतरतो. ऑक्टोबरात नीट भरलेला टायर जानेवारीत ढिला असतो.

थंडीत इंजिन

उणे ३० ला जाड इंजिन ऑइल आपल्याकडच्या थंडीतल्या खोबरेल तेलासारखं थिजतं. सुरू झाल्यावर पहिले काही क्षण ते टर्बोपर्यंत पोचत नाही आणि झीज तिथे होते. तेलाच्या डब्यावर डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते थंडीत पातळ, म्हणून ५डब्ल्यू किंवा ०डब्ल्यू. प्रेअरी प्रांतांत (अल्बर्टा, सस्कॅचेवान, मॅनिटोबा) राहत असाल तर ब्लॉक हीटर बसवून घ्या. जपानी गाडीत तो नसतोच. घरी किंवा ऑफिसच्या पार्किंगमध्ये रात्री प्लग लावला की सकाळी इंजिन कोमट असतं.

कूलंट ताबडतोब तपासा. जपानच्या उबदार भागात ३० टक्क्यांचं मिश्रण चालतं, ते उणे १५ च्या आसपास गोठायला लागतं. इथे निम्मं-निम्मं हवं, ते उणे ३७ पर्यंत तग धरतं. पातळ कूलंट गोठून फुगलं तर इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो. काच धुण्याचं पाणीही जपानचंच असेल, ते काढून उणे ४० वालं भरा. जपानी बॅटरी छोटी आणि तिचे खांब बारीक असतात, थंडीत तिची ताकद जवळपास निम्मी होते. नवी बॅटरी घेताना खांब जुळतात का ते पाहा.

सुबारूच्या बॉनेटवरचा तो प्रसिद्ध झरोका इंटरकूलरला, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाला, हवा देण्यासाठी असतो. बर्फ पडताना उभी केलेली गाडी निघाली की सगळा बर्फ तिथे ठासून भरतो. बॉनेट झाडताना तोही हाताने मोकळा करा. आणि पाण्याच्या तापमानाचा काटा मधे आला म्हणजे इंजिन तापलं असं समजू नका, तेल त्याहून बरंच उशिरा तापतं. तोवर टर्बोला छेडू नका.

पेट्रोलचंही बघायला हवं. जपानी हाय-ऑक्टेन १०० आरओएनच्या (हे ऑक्टेनचं एक मोजमाप) हिशेबाचं असतं आणि या गाड्यांचं ट्यूनिंग त्यावरच केलेलं. कॅनडातला पंपावरचा ९१ हा आकडा वेगळ्या मोजमापाचा आहे, तो साधारण ९५-९६ आरओएन इतकाच. काही पंपांवर ९४ मिळतं, ते ९८ च्या जवळ जातं. ९४ मिळत नसेल अशा भागात एव्होसारखी गाडी इथल्या पेट्रोलसाठी ट्यून करून घेतलेली बरी, नाहीतर जोर दिल्यावर इंजिनात ठोके पडतात आणि पिस्टन जातो. ट्यूनरकडे जाताच आहात तर टायमिंग बेल्टही पाहून घ्या. जपानमध्ये तो १ लाख किलोमीटरला बदलतात, आणि त्या आकड्याच्या जरा आधी गाडी विकून टाकणारे मालक बरेच असतात.

दिवे आणि उजवं स्टिअरिंग

जपान आपल्यासारखाच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे तिथल्या हेडलाइटचा झोत डावीकडे वर उचललेला असतो, फुटपाथ आणि पाट्या दिसाव्यात म्हणून. कॅनडात डावीकडून समोरची वाहनं येतात. तोच झोत बरोबर त्यांच्या डोळ्यांत जातो आणि तुमच्या उजवीकडची बर्फाने झाकलेली कड अंधारात राहते. वादळी रात्री हे धोक्याचं आहे, आणि प्रांताच्या तपासणीतही गाडी बऱ्याचदा इथेच अडते. २००० नंतरच्या इम्प्रेझाला आणि एव्हो आठ-नऊला उत्तर अमेरिकेत विकलेल्या त्याच पिढीच्या गाडीचे दिवे बसतात. स्कायलाइन इथे विकलीच गेली नाही, त्यामुळे तिला अशी सोय नाही.

उजवं स्टिअरिंग आपल्या हाताला परकं नाही. भारतात गाडी शिकलेल्याला गिअर डाव्या हाताने टाकणं आठवावंही लागत नाही. बर्फाने पट्टे झाकले गेले की रस्त्याची उजवी कड तुमच्या अगदी शेजारी असते, ही सोयच. पण दोन पदरी महामार्गावर ट्रक ओलांडायचा झाला तर समोरचं काहीही दिसत नाही, गाडी जवळपास पूर्ण बाहेर काढावी लागते. ट्रकच्या मागे उडणाऱ्या बर्फाच्या धुरळ्यात तर ओलांडूच नका. शेजारी बसणाऱ्यालाही हे आधी सांगून ठेवा, म्हणजे तो 'जा जा' करणार नाही.

वेळापत्रक

हिवाळ्यासाठी गाडी हवी असेल तर बोली वसंतात लावा. जपानमधली कागदपत्रं, जहाजाची रांग, समुद्रप्रवास, व्हँकुव्हरकडे उतरल्यावर पुढे रेल्वे किंवा ट्रेलर, मग दिवे, तपासणी, नोंदणी, यात उन्हाळा निघून जातो. सप्टेंबरमध्ये, हवा अजून कोरडी असताना, गाडी खालून धुऊन पूर्ण वाळू द्या आणि गंजरोधक तेलाचा फवारा मारून घ्या. कॅनडात ही कामं करणारी दुकानं गावोगावी आहेत. मी रबरासारख्या घट्ट थराऐवजी दर वर्षी मारायचं ओघळणारं तेलच निवडेन, कारण घट्ट थराला तडा गेला की खारं पाणी त्याच्या आत अडकतं आणि वरून काही दिसत नाही. दारांच्या आत, दाराखालच्या पोकळीत, डिकीच्या कोपऱ्यांतही फवारा जायला हवा. दुकानदाराला तसं सांगा आणि शक्य असेल तर तिथे उभे राहा. नंतर दोन दिवस गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवा, तेल टपकतं.

पहाटेचा पारा ७ च्या खाली जायला लागला की टायर बदला. हिवाळाभर शून्याच्या वरचा दिवस मिळाला की खालून पाण्याचा मारा असलेल्या ठिकाणी गाडी धुवा, दारांचे रबर पुसून घ्या, नाहीतर रात्री ते गोठून दारं चिकटतात. एप्रिलमध्ये मीठ थांबलं की गाडी लिफ्टवर चढवा, टॉर्च घ्या आणि खरेदीच्या वेळी मागवलेले तेच फोटो, त्याच कोनातून, पुन्हा काढा. दोन्ही शेजारी ठेवून पाहिलेत की पुढच्या हिवाळ्यात ही गाडी बाहेर काढायची की तिला कव्हर घालून एखादी साधी कोरोला घ्यायची, ते ठरवता येईल.